त्रिकोणाचं चित्र अर्धवट सोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विज्ञानाच्या पानावर चुंबकांबद्दल काही आलं की तो त्रिकोण हमखास असतो, तीन कोपऱ्यांवर छोट्या चुंबकासारखे तीन अणू, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय, दोघांचं जमतं आणि तिसरा लटकतो, यालाच फ्रस्ट्रेशन म्हणतात. बरोबर आहे, पण तुम्ही तिथेच थांबता हे मला खटकतं. त्या चित्रात अणू खिळ्याने ठोकल्यासारखे असतात, खऱ्या स्फटिकात ते हलतात की!

तांबं, लोह आणि ऑक्सिजनचं डेलाफोसाइट नावाचं खनिज घ्या. यात लोहाच्या आयनांचे त्रिकोणी जाळीचे थर असतात आणि या आयनाला स्वतःची अशी आवडती दिशा जवळपास नसतेच, त्यामुळे तिघांनी १२० अंशांवर तोंडं करून तडजोड करावी असं साधा हिशोब सांगतो. प्रत्यक्षात साधारण ११ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६२ सेल्सिअसला, स्पिन, म्हणजे अणूंचे ते चुंबकी बाण, चक्क एका रेषेत येतात, दोन वर दोन खाली, परत दोन वर दोन खाली, आणि त्याचवेळी स्फटिकाचा आकारही बदलतो, समभुज त्रिकोण समभुज राहत नाही. कारण अणूंमधलं अंतर किंवा ऑक्सिजनपाशी होणारा कोन जरासा बदलला तरी त्यांच्यातला चुंबकीय जोर कमी-जास्त होतो, मग जाळी वाकवायला जी ऊर्जा लागते ती स्पिनचं भांडण मिटल्यावर वसूल होऊन वर उरते. मला तरी हे त्या लटकलेल्या तिसऱ्या बाणापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

यिट्रियम मँगनीज ऑक्साइड या दुसऱ्या त्रिकोणी जाळीच्या पदार्थात वेगळंच, तिथे ७५ केल्विनच्या आसपास अणू जागचे सरकतात पण १२० अंशांची रचना टिकते. हे सरकणं चांगलंच मोठं असल्याचं २००८ साली न्यूट्रॉन आणि एक्स-रे वापरून दाखवलं गेलं.

न्यूट्रॉनला अणूची जागाही कळते आणि स्पिनची दिशाही, म्हणून या विषयात त्याच्यावाचून भागत नाही. आणि तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून आपल्या मुंबईतच आहे, तिथे न्यूट्रॉनने चुंबकीय पदार्थ तपासले जातात हे माझ्या बारावीच्या पोरांना ठाऊकच नसतं, त्यांच्या पुस्तकात चुंबकत्वाचे डाया, पॅरा, फेरो एवढेच प्रकार. ध्रुववर एक पूर्ण पान लिहा ना मराठीत, आणि त्यात त्रिकोण काढाल तेव्हा शेजारी एक वाकलेलाही काढा.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सातारा