रस्ता तुंबला म्हणून आम्ही घरी का बसायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंजवडीत जोराचा पाऊस झाला, चौकात पाणी साचले, गाड्या दोन-दोन तास अडकल्या, की कुणीतरी हमखास एकच उपाय सुचवते: आयटीवाल्यांना घरूनच काम करू द्या. सुचवणाऱ्यांना आमची कीवच येत असेल, पण मला तो उपाय नको आहे. कर्वेनगरहून हिंजवडी आयटी पार्कच्या फेज दोनला ये-जा करण्यात माझी एकोणीस वर्षे गेली. तरीही मला ऑफिसलाच जायचे आहे.

मार्च २०२० नंतर जवळजवळ दोन वर्षे मी घरून काम केले. हॉल मिस्टरांच्या मीटिंगसाठी, बेडरूम मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी, आणि मी स्वयंपाकघरात, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. कॉल सुरू असताना सासूबाई दारातून सांगायच्या, "तीन शिट्ट्या झाल्या गं, गॅस बंद कर." त्यांना दोष देत नाही. सून समोर दिसते आहे, मग तिला सांगणार नाहीत तर कुणाला? मिस्टरही घरातच होते, पण हॉलचे दार लोटलेले असायचे आणि ते वाजवायचे नाही, हे न सांगताच ठरून गेले होते. कुरिअर घ्यायचे, टाकीचे पाणी बघायचे, नणंदेच्या मुलांना दुपारी सांभाळायचे, आणि प्रत्येक वेळी वाक्य एकच, "तू घरीच तर आहेस." पगार तोच, काम तेवढेच, तरी घरच्यांच्या लेखी मी नोकरीवर नव्हतेच. आता सव्वासातच्या बसमध्ये बसले की संध्याकाळपर्यंत मी कामावर आहे, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट नव्या मुलांची. आमच्या टेस्टिंग टीममध्ये २०२१ मध्ये लातूरची एक मुलगी लागली. वाकडला कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचे भाडे देऊन राहायची, खोलीत चौघी जणी, मांडीवर लॅपटॉप. तिने नोंदवलेले डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, डेव्हलपर सारखे परत पाठवत, "आमच्याकडे येत नाही" म्हणून. आम्ही कॉलवर तासन् तास बोललो. ती एरर आलेला स्क्रीन दाखवायची, मी तोच बघायचे. ऑफिस सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटले, "आता अगदी पहिल्यापासून कर, मी नुसती बघते." दहा मिनिटांत उलगडा झाला. आदल्या टेस्टमध्ये बंद केलेले खातेच ती पुढच्या टेस्टला वापरत होती. चूक एरर येण्याच्या सहा पायऱ्या आधी होती, आणि तिथवर कॉलवर कुणी पोचलेच नव्हते. वर्षभर ती पोर स्वतःला कच्ची समजत होती. आज तीच नव्या मुलांना शिकवते.

घरून काम मागणाऱ्यांचे म्हणणे खोटे आहे, असे मी म्हणत नाही. घरात आजारी माणूस असेल, तान्हे मूल असेल, तर ती सोय मिळालीच पाहिजे. चीनमधल्या एका प्रवास कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. पण बाकीचे तीन दिवस ते लोक ऑफिसातच येत होते, हेही त्याच अभ्यासात आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर, मालकाशी ठरवून, घरून काम करण्याची तरतूद आली, तशीच ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराचीही आली. पहिलीबद्दल सगळे बोलतात. पाळणाघर कुठे आहे, हे मुलाखतीत विचारायचे धाडस किती मुलींना होते?

माझा खरा राग रस्त्यावर आहे. हिंजवडी आणि माण ग्रामपंचायतीत, उद्योगवसाहत एमआयडीसीची, मेट्रोचे काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए), आणि शेजारचे वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. खड्डा नेमका कुणाच्या हद्दीत, यावर पावसाळा निघून जातो. माण ते शिवाजीनगर या २३ स्थानकांच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि प्रत्यक्ष काम २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. मधला बराच काळ आम्ही घरी होतो, म्हणून कुणालाच घाई वाटली नसावी. पुन्हा घरी बसलो तर पुन्हा तेच होईल.

मेट्रोने तिन्ही फेजचा प्रश्न आपोआप सुटेल, असेही नाही. उतरल्यावर पुढे काय? आमच्या गेटसमोरचा फूटपाथ पन्नास पावलांवर डीपीच्या पेटीशी संपतो. तिथून बायका डंपरच्या बाजूने, साडी-ओढणी सावरत रस्त्यावरून चालतात. जूनमध्ये गुडघाभर पाण्यातून. स्टेशनच्या जिन्यापासून कंपन्यांच्या गेटपर्यंत सलग फूटपाथ आणि दर दहा मिनिटांनी पीएमपीची छोटी बस, एवढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आपल्या वार्ताहराने ग्रामपंचायतींपासून महापालिकेपर्यंत वर सांगितलेल्या सगळ्या कार्यालयांत जाऊन विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे, ही विनंती.

आपली,
एक नोकरदार वाचक,
कर्वेनगर, पुणे