चिऊचा अडखळणारा चौकोन

प्रिय बंड्या,

तुझी मेल वाचली, व्हिडिओही पाहिला. काकूंच्या गुडघ्याबद्दल तू एका ओळीत उरकलंस, ते पुढच्या वेळी नीट लिही. आज चिऊच्या गेममधल्या चौकोनाबद्दलच लिहितो.

पायगेममध्ये, म्हणजे पायथनमध्ये गेम करायच्या त्या लायब्ररीत, तिने केलेला निळा चौकोन उजवा बाण दाबून धरला की एक पाऊल टाकतो, तिथेच अडखळतो आणि मग सुसाट सुटतो. लॅपटॉप जुना झाला म्हणून असं होतं, हा तुझा निष्कर्ष साफ चूक. नवा घेऊ नकोस. त्यापेक्षा मेल लिहायच्या खिडकीत कुठलंही अक्षर दाबून धर. एक अक्षर उमटेल, किंचित थांबेल, मग त्याची रांग लागेल. अगदी तसाच चालतो ना तिचा चौकोन? ही सोय टायपिंगसाठी आहे, बोट जरा रेंगाळलं तर दोन-दोन अक्षरं उमटू नयेत म्हणून. पायगेममध्ये ती मुळात बंद असते. एकदा दाबलं की एकच पाऊल. चिऊने कुठून तरी ‘सेट रिपीट’ची ओळ उचलून ती चालू केलेली दिसते. ती ओळ आधी उडवायला सांग.

मग चौकोन सलग चालायचा कसा? ‘की-डाऊन’ ही नुसती वर्दी असते, दाराची बेल वाजल्यासारखी. बेल वाजली एवढंच कळतं, बोट अजून तिच्यावर आहे की नाही ते कळत नाही. उडी मारणं, गोळी झाडणं, गेम थांबवणं यांना वर्दी पुरते. चालण्यासाठी मात्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने काढताना दर वेळी, विचारायला हवं, की उजवा बाण या घडीला दाबलेला आहे का? त्यासाठी ‘गेट प्रेस्ड’ आहे. ते सगळ्या बटणांची आत्ताची स्थिती देतं. उजवा दाबलेला असेल तर एक्स वाढव, डावा असेल तर कमी कर, वर जायचं तर वाय कमी कर, खाली जायचं तर वाढव (पडद्यावर वाय वरून खाली मोजतात). या चार तपासण्या वेगवेगळ्या ‘इफ’मध्ये हव्यात. ‘एल्स-इफ’ची साखळी केली तर तिरकं जाताच येणार नाही.

कॉलेजात टर्बो सीमध्ये ‘गेट-सीएच’ने, म्हणजे दाबलेलं बटण वाचणाऱ्या फंक्शनने, बाण वाचायचो, आठवतं? आधी शून्य यायचं, मग ७२, ८०, ७५ नाहीतर ७७. ते आकडे आपण मंत्रासारखे पाठ केले होते. ७२ म्हणजे कीबोर्डवरच्या ‘वर’ बाणाचा मूळ क्रमांक. १९८१ च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड बटण दाबल्यावर एक क्रमांक पाठवायचा आणि सोडल्यावर त्यातच १२८ मिळवून दुसरा, म्हणजे इथे २००. सोडल्याची ही खबर बायॉस, म्हणजे पीसीच्या अंगचा मूळ प्रोग्राम, मधल्या मधे गिळून टाकायचं, कारण टायपिंगला तिचा उपयोग नाही. म्हणून कुठलं बटण अजून दाबलेलं आहे ते गेमला कळायचंच नाही, आणि आपल्या दोन खेळाडूंच्या गेममध्ये एकाने बाण दाबला की दुसऱ्याची गाडी ठप्प! ज्यांना खरी गेम करायची होती ते इंटरप्ट ९, म्हणजे कीबोर्डची प्रोसेसरला जाणारी हाक, स्वतःच्या ताब्यात घेऊन कुठली बटणं दाबलेली आहेत याचा तक्ता ठेवायचे. चिऊला तो तक्ता आज एका ओळीत मिळतो. पोरांची मजा आहे, दुसरं काय.

आता वेग. दर फ्रेमला ५ पिक्सेल असं लिहिलं, तर वेगवान मशीनवर चौकोन पळतो आणि मंद मशीनवर रांगतो. सेकंदाला ३०० पिक्सेल असं ठरव. पायगेमच्या ‘क्लॉक’च्या ‘टिक’ला ६० (सेकंदाला जास्तीत जास्त ६० फ्रेम) दिलं की ते मागच्या फ्रेमपासून किती मिलीसेकंद गेले ते परत देतं, साधारण १६-१७. त्याला १००० ने भागून वेगाने गुणलं की या फ्रेमचं पाऊल मिळालं.

इथे एक गंमत दडली आहे, तिला ती स्वतः सापडू दे. चौकोनाची जागा आणि आकार सांभाळणारा पायगेमचा ‘रेक्ट’ फक्त पूर्णांक ठेवतो, अपूर्णांक छाटून टाकतो. समज एक्स १०० आहे आणि पाऊल अर्ध्या पिक्सेलचं. उजवीकडे १००.५ होतं, छाटून पुन्हा १००, म्हणजे चौकोन जन्मात हलणार नाही. डावीकडे ९९.५ होतं, छाटून ९९, म्हणजे चक्क दुप्पट वेगाने जातो! वेग सेकंदाला ३० करून बघायला सांग, चेहरा बघण्यासारखा होईल. उपाय सोपा आहे. खरी जागा वेगळ्या दशांश चलांत ठेवायची आणि चित्र काढताना तेवढी ‘रेक्ट’मध्ये टाकायची.

तिरकं जाताना चौकोन सुमारे १.४१ पट वेगाने धावेल. पायथागोरस, दुसरं काही नाही. १९९३ च्या डूम या गेममध्ये समोर आणि बाजूला एकदम धावून खेळाडू हाच फायदा उपटायचे. ते चालवून घ्यायचं की ०.७०७ ने गुणून वेग सारखा करायचा, हे चिऊचं तिनं ठरवावं. माझं मत विचारशील तर चोरासारख्या पळणाऱ्या पात्राला ते शोभून दिसतं.

एवढं करूनही वर, डावा आणि स्पेस एकदम दाबल्यावर तिसऱ्याची दाद लागली नाही, तर कोडमध्ये शोधत बसू नका. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात आणि काही तीन बटणं एकदम दाबली की त्याला ती ओळखता येत नाहीत. बाणांऐवजी डब्ल्यू, ए, एस, डी वापरून बघा, बऱ्याचदा भागतं.

आता ती भिंती मागेल. तेव्हा आधी फक्त एक्स हलवून धडक तपासायची, मग वाय हलवून पुन्हा तपासायची. दोन्ही एकदम हलवलं तर चौकोन भिंतीला घासून सरकायच्या ऐवजी चिकटून बसतो. अडलीच तर रविवारी फोन कर, पण फोन तिच्या हातात दे. तुला समजावण्यात माझा रविवार जातो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या