उशाजवळची डबी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "घे, आईशी बोल" म्हणतात, आणि आई "सगळं ठीक आहे गं, तू जेवलीस का?" म्हणते. म्हणून लिहायला बसले. कागद निदान मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊन विषय बदलता येत नाही.

बुधवारी हॉस्पिटलच्या डिव्हाइस क्लिनिकमधून फोन आला. बाबांच्या छातीत बसवलेल्या, ठोके सांभाळणाऱ्या आणि वेळ पडली तर शॉक देणाऱ्या मशीनकडून १९ दिवस काहीच खबर नाही, त्याच्या नोंदी क्लिनिकला पाठवणारी उशाजवळची डबी बंद आहे का बघा म्हणाले. आई, तू म्हणालीस की दिवाळीच्या साफसफाईत प्लग निघाला असेल. दिवाळी होऊन महिना झाला. शिवाय त्या बोर्डावर आता डासांचं मशीन लागलंय, हे मागच्या व्हिडिओ कॉलवर मला दिसलं. तू कशाला पांघरूण घालतेस ते कळतं गं मला.

आधी तुझ्याशीच बोलते. सिंहस्थाच्या खोदाईत केबल तुटून रात्रभर लाइट नव्हती, तेव्हा तू बाबांच्या छातीवर हात ठेवून पहाटेपर्यंत जागी होतीस, असं मावशीनं सांगितलं. डबीचा हिरवा दिवा गेला म्हणजे आतलं मशीनही बंद पडेल, असं तुला वाटलं. हे तुला कुणी नीट सांगितलंच नाही, यात चूक माझी. आतलं मशीन स्वतःच्या बॅटरीवर चालतं, ती काही वर्षं टिकते, आणि संपत आली की काही महिने आधी इशारा देते. घरातल्या लाइटचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. डबी फक्त ऐकते. रात्री बाबा झोपले की मशीन रेडिओनं आपल्या नोंदी डबीला सांगतं, डबी मोबाईलच्या नेटवर्कवरून त्या पुढे पाठवते. लाइट गेली तर त्या रात्रीचा निरोप राहतो, इतकंच. मशीनच्या आत नोंदी साठलेल्या असतात, त्या नंतर जातात. तेव्हा अंधारात खुशाल झोप. दसऱ्याला तू डबीला गंध लावून झेंडूचं फूल वाहिलंस त्याला माझी ना नाही, फक्त पाणी शिंपडू नकोस.

दुसरी गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. ही डबी म्हणजे ॲम्ब्युलन्स नव्हे. तिच्यासमोर चोवीस तास कुणी डोळ्यांत तेल घालून बसलेलं नाही. क्लिनिकची माणसं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत बघतात. बाबांना चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला किंवा मशीनचा शॉक बसला, तर डबीनं सांगितलंच असेल असं धरून बसू नकोस. लगेच १०८ ला फोन कर, नंतर मला.

आता बाबा.

तुम्ही प्लग का काढलात ते मला ठाऊक आहे. काकांकडच्या लग्नानंतर आठवडाभरात क्लिनिकचा फोन आला होता. तोही तुम्हाला नाही, मला. "बाबांचं वजन वाढलंय का? पायाला सूज? खारट खाणं झालं का?" मी लगेच तुम्हाला फोन लावून पापड, लोणचं, गोदापार्कवर फिरून आल्यावरची मिसळ, सगळ्याची उलटतपासणी घेतली. तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे घरात बसून कुणी माझं ताट मोजतंय." दुसऱ्या दिवसापासून डबी गप्प.

ताट कुणी मोजत नाही, बाबा. मोजतात तो रेझिस्टन्स. मशीन तुमच्या हृदयातल्या वायरीपासून स्वतःच्या धातूच्या खोक्यापर्यंत अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडतं आणि वाटेत किती अडथळा येतो ते पाहतं. मधे फुप्फुस आहे. फुप्फुसात हवा असते, म्हणून अडथळा जास्त. पाणी साठायला लागलं की वीज सहज जाते, आकडा खाली येतो. पाय सुजण्याच्या, दम लागण्याच्या कितीतरी दिवस आधी हा आकडा घसरू शकतो. कधी कधी तो दुसऱ्याच कारणानं घसरतो, म्हणूनच क्लिनिकमधून फोन करणारी ती मुलगी थेट गोळी न वाढवता वजन विचारत होती. बाकी काय जातं? ठोके कुठे चुकले, किती ठोके मशीननं दिले, शॉक द्यायची वेळ आली का, बॅटरी किती उरली. वायरीचा रेझिस्टन्स अचानक वाढला तर ती कुठेतरी तुटत आली असेल, हे ओझरच्या विमान कारखान्यात सगळी हयात काढलेल्या माणसाला मी काय सांगणार! टेस्ट फ्लाइट खाली उतरली की पायलट काय म्हणतो ते ऐकायच्या आधी रेकॉर्डरची नोंद वाचायची, हे तुम्हीच आम्हाला जेवताना ऐकवायचा. पायलट नेहमी "सगळं ठीक" म्हणतो म्हणायचा. आईसारखंच.

२०१० साली अमेरिकेत 'ट्रस्ट' नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्यासारखी शॉकची मशीनं बसवलेले १,३३९ पेशंट त्यात होते. काहींना डबी, बाकीचे नेहमीसारखे तीन महिन्यांनी तपासणीला. ठोक्यांत काही बिघडलं तर डॉक्टरांच्या नजरेला यायला डबीवाल्यांना साधारण दोन दिवसही लागले नाहीत, बाकीच्यांना ३६ दिवस. तुमच्या १९ दिवसांत काही झालं नाही, हे आपलं नशीब.

अशी मशीनं बाहेरून हॅक करता येतात, हा तुमचा फॉरवर्डही पोचला. त्यात थोडं खरं आहे. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मशीनचं वायरलेस २००७ साली डॉक्टरांनी मुद्दाम बंद करवलं होतं. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्यानं एका कंपनीच्या जवळपास ४,६५,००० पेसमेकरांचं सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी बदलायला मंजुरी दिली. पण ते घरबसल्या झालं नाही, पेशंटना दवाखान्यात जावं लागलं, आणि कुणाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती. तुमची डबी फक्त वाचते. सेटिंग बदलायचं तर क्लिनिकमध्ये जाऊन, तिथल्या प्रोग्रामर नावाच्या यंत्रानंच.

वाचता वाचता तुमच्यासाठी एक गंमत सापडली. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ चा, स्टॉकहोमचा. रुने एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनिअरनं सर्किट जोडून त्यावर इपॉक्सी ओतलं, आणि साचा म्हणून काय वापरलं? बूटपॉलिशची डबी! पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं. पण तो पेशंट, आर्ने लार्सन, पुढे वीसहून जास्त मशीनं बदलत २००१ पर्यंत जगला, ८६ वर्षांचा होऊन गेला. ऑपरेशन करणारा सर्जन आणि तो इंजिनिअर, दोघेही त्याच्या आधी गेले. दर रविवारी ओट्यावर बूट मांडून बसणाऱ्या तुमची आठवण झाली.

एवढं सगळं समजावून झालं, तरी मूळ गोष्ट राहतेच. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी डबीचा फॉर्म मी भरला. तुम्ही झोपेच्या गुंगीत होतात, मी फक्त सही घेतली. संपर्काच्या रकान्यात तुमचा नंबर लिहायचा सोडून माझा लिहिला. तुम्ही फोन उचलत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे मला सगळं आधी कळायला हवं होतं. एवढंच नाही, रिपोर्ट माझ्या मोबाईलवर दिसेल का असंही टेक्निशियनला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मॅडम, हे पेशंटचं आहे." तेव्हा राग आला होता. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पुण्याहून नाशिकला पोचायला पाच तास लागतात, बाबा, आणि मला त्या पाच तासांची भीती वाटते. म्हणून तुमच्या उशाशी मी स्वतःचाच कान ठेवून आले होते. तुम्ही त्याला पाळत म्हणालात. डबीच्या बाबतीत ते खरं नाही, माझ्या बाबतीत आहे.

नंबर बदला म्हणून काल क्लिनिकला फोन केला. पेशंटच्या सहीशिवाय बदलत नाहीत, बरोबरच आहे. शनिवारी सकाळच्या बसनं येते. सोमवारी तुमची तपासणी आहेच, तेव्हा फॉर्म तुम्हीच भरा. नंबर तुमचा घाला किंवा आईचा, कुणाला कळवायचं तेही तुम्हीच लिहा. माझं नाव घातलंत तर बरं वाटेल, नाही घातलंत तर मी विचारणार नाही. (एकदा विचारेन.)

आणि डबी परत लावायची का, तेही तुम्ही ठरवा. लावायची असेल तर मी येताना लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणते, म्हणजे डासांचं मशीन आणि ती, दोघांची सोय होईल. हिरवा दिवा डोळ्यांवर येत असेल तर डबी खाटेच्या मागच्या बाजूला वळवून ठेवू. फक्त सहा-सात फुटांच्या आत असू द्या.

तुमची,
चिमी

ता. क. : आई, नव्या इंडक्शनवर स्वतः चहा करायची हौस बाबांना आलीय असं कळलं. त्या शेगडीपासून मशीन दोन फूट लांब हवं, आणि दोन फुटांवरून बाबांना चहा काही ढवळता यायचा नाही. त्यांना गॅसवरच करू दे. साखर कमी, एवढं मात्र तूच बघ.