थराची जाडी मोजायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

मागच्या दिवाळीत आपण माहेरी आला असताना सलग तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून माझे समुद्राच्या तापमानाचे काम तपासलेत. त्याचे आभार मानायला इतका उशीर झाला, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. आपण सांगितलेले सगळे गणित पुन्हा करून पाहिल्याशिवाय आभार मानणे मला पोकळ वाटत होते. पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण जी चूक मी आठ महिने करत होतो ती समुद्राच्या मॉडेलचा हा डेटा पहिल्यांदा हाताळणारा दुसरा कोणीही सहज करील.

आपल्या वर्धा नदीचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते, एवढ्याच धाग्यावरून मी त्या उपसागराच्या हिवाळी तापमानाकडे वळलो आणि नॉर्वेच्या नॉरईएसएम२ या हवामान मॉडेलच्या (संगणकावर हवामान आणि समुद्र यांचे गणित मांडणाऱ्या प्रणालीच्या) मूळ जाळीवरच्या, म्हणजे मॉडेल ज्या चौकटीत स्वतः गणित करते तिच्यावरच्या फाइली उतरवल्या. त्यांत समुद्राचे ५३ थर होते आणि थरांपुढे मीटरऐवजी घनतेचे आकडे होते. समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १०२५ किलो असते, असे मी वर्गात शिकवतो; इथे १०३६, १०३७ पाहून मला फाइलच बिघडलेली वाटली. सगळे पाणी २००० डेसिबार (डेसिबार हे दाबाचे एकक), म्हणजे साधारण २००० मीटर खोलीच्या दाबाला आणल्याचे कल्पून ही घनता काढतात, म्हणून वरचे आणि खालचे पाणी एकाच मापाने तोलता येते, हे आपण पहिल्याच संध्याकाळी दोन वाक्यांत सांगितलेत.

खरी चूक त्याच्या पुढची होती. मी थराचा क्रमांक हीच खोली धरली होती आणि विसावा थर सगळीकडे एकाच पातळीवर आहे असे मानून नकाशे काढले होते. आपण नकाशे बाजूला ठेवून विचारलेत, "गावात मुरूम किती फुटांवर लागतो?" मी म्हणालो, ते विहिरीवर अवलंबून आहे, नदीकाठच्या वावरात पंधरा-वीस फूट काळी माती आहे, टेकडीच्या पायथ्याला मात्र मुरूम नांगराच्या फाळालाच लागतो. त्यावर आपण म्हणालात, "मग मुरूम म्हटल्याने थर कळला, खोली नाही. ती वरच्या थरांची जाडी बेरीज करून काढा."

दुसऱ्या दिवशी आपण मला उपसागरातला एकच स्तंभ, म्हणजे एकाच जागेचे वरपासून तळापर्यंतचे सगळे थर, वहीत उतरवायला लावलात. वीज गेलेली होती, म्हणून कंदिलाच्या उजेडात ५३ ओळी लिहिल्या. बऱ्याच ओळींत जाडी जवळजवळ शून्य होती, कारण तेवढ्या घनतेचे पाणी त्या ठिकाणी नव्हतेच. आणि मी मात्र त्या नसलेल्या पाण्याचे तापमानही इतरांच्या बरोबरीने सरासरीत धरले होते. तापमानाला जाडीने गुणून बेरीज करायची आणि मग एकूण जाडीने भागायचे, हे साधे गणित भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला सुचू नये याची लाज वाटली. प्रवाहाच्या बाबतीत तर एवढ्यानेही भागत नाही. महिन्याची सरासरी जाडी आणि सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे महिन्यातले खरे वहन नव्हे, कारण जाडी आणि वेग दोन्ही सोबतच बदलत असतात. म्हणून मॉडेलने स्वतः साठवलेले वस्तुमान-वहनच (किती पाणी वाहून गेले त्याचा आकडा) घ्यावे, ही आपली सूचना मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा थरांऐवजी मीटरमधल्या खोलीवर बसवलेली तयार फाइल का वापरू नये, असा वाद मी घातला होता. (थोडा हट्टानेच, हे कबूल करतो.) समुद्राच्या आतल्या भागात पाणी समान घनतेच्या पृष्ठांलगत सहज मिसळते आणि ती ओलांडून मिसळणे कोट्यवधी पटींनी मंद असते, हे आपण समजावलेत. दक्षिण महासागरात खोलीनुसार सरासरी काढली की डीकन चक्र नावाचे मोठे उलटे अभिसरण दिसते आणि घनतेनुसार काढली की ते बहुतांशी नाहीसे होते, हे उदाहरण ऐकून मी गप्प बसलो.

नव्याने काढलेल्या आकृतीत उत्तर उपसागराचा हिवाळा आता ओळखू येतो: वर थंड पण नद्यांमुळे कमी खारे पाणी, त्याच्या खाली अधिक उबदार पण अधिक खारे, आणि क्षारतेच्या फरकामुळे थंड पाणी वरच टिकलेले. या मॉडेलचे सर्वांत वरचे दोन थर मिश्रणाचे, म्हणजे पृष्ठभागाजवळच्या घुसळलेल्या पाण्याचे असून त्यांची घनता ठरावीक नसते, हा आपला इशारा लक्षात ठेवून तो भाग मी जाडीच्या बेरजेने खोलीवर आणूनच काढला आहे. मिश्रणाचा थर पातळ होतो त्या महिन्यांत त्याच्या लगेच खालच्या थराचे तापमान किती ग्राह्य धरावे, हे अजून मला ठरवता आलेले नाही. तेवढ्या ओळींना पेन्सिलने खूण करून वही ठेवली आहे. आपण पुन्हा गावी आलात की दाखवीन.

आपला नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक,
जिल्हा वर्धा