दादा, बेल माझ्याकडे दिलीत त्याबद्दल

दादा,

रविवारी सायकलने बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो, तेव्हा मी काहीच बोलले नाही. तुम्ही विचारलंत, "दमलात का ताई?" आणि मी नुसती मान हलवली. दमले नव्हते. घसा दाटून आला होता. तोंड उघडलं असतं तर भर घाटात, ट्रकवाल्यांसमोर रडले असते. आज बुधवार उजाडला तरी ते पुरतं ओसरलेलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण तुमच्याआधी काही जणांनी मला चारचौघांत शब्द दिला आणि फोनवर मोडला. त्यांच्याही कानावर हे जाऊ दे. तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा कधी सापडत नाही, तेव्हा लेकीकडून वाचून घ्या.

तुमच्याआधीचं मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. मला दिसत नाही, म्हणून एका ग्रुपने अपंग दिनाला मला टँडेमच्या, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलच्या, मागच्या सीटवर बसवून मरीन ड्राइव्हवर फिरवलं. टी-शर्ट, गळ्यात मेडल, भाषणं, फोटो. "आता दर रविवारी मॅडम आपल्याबरोबर!" असं माइकवर जाहीर झालं, टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी मी पहाटे हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही बसले. शेवटी मीच फोन केला, तेव्हा उत्तर आलं की जबाबदारीचा प्रश्न येतो, तुम्ही बुद्धिबळ वगैरे का नाही खेळत, त्यात धोका नसतो.

मग एक गृहस्थ भेटले. दोन महिने सराव करून घेतला, चांगले चालवायचे. निवड चाचणीच्या दिवशी पहाटे पाचला दादर स्टेशनबाहेर भेटून त्यांच्या गाडीने जायचं ठरलं होतं. फोन बंद. साडेसहापर्यंत मी तिथे उभी होते. फुलबाजाराचा गलका वाढत गेला तो सगळा ऐकला. एका फुलवाल्या मावशीने टोपली पालथी घालून मला बसायला दिली आणि कोणाची वाट बघतेस हे विचारलंसुद्धा नाही. आमच्या बी गटात, म्हणजे दृष्टिहीनांच्या टँडेम शर्यतीत, पायलट म्हणजे पुढे बसून चालवणारा नसेल तर नाव लागत नाही. नियमाबद्दल तक्रार नाही, डोळस माणूस पुढे लागतोच. पण मग पुढे बसणाऱ्याने न येणं म्हणजे काय, हे त्या गृहस्थांना कधी कळलं असेल का? आठ दिवसांनी "सॉरी, ऑफिसचं काम निघालं" असा मेसेज आला. मी तो फोनकडून तीनदा वाचून घेतला. पुढे आणखी काही असेल असं वाटत होतं.

सायकल मात्र माझी होती. पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली, सेकंडहँड. चाळीच्या जिन्याखाली आठ महिने चादर पांघरून पडली होती. आई दर शनिवारी पुसायची आणि मला म्हणायची, विकून टाकू या का गं?

माझ्या आईलाही तुम्ही समजून घ्या. तेराव्या वर्षी मी तासावर भाड्याने आणलेल्या सायकलसकट संध्याकाळी गटारात गेले होते. उजेड कमी झाला की मला दिसत नाही, हे तोवर घरात कोणाला कळलं नव्हतं, मलाही नाही. सगळ्यांनाच असं दिसतं अशी माझी समजूत. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिग्मेंटोसा हे नाव सांगितलं. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेकडेचं दिसेनासं होतं, मग नळीतून पाहिल्यासारखं उरतं. त्या दिवसापासून सायकल बंद झाली. गटारात पडल्याचा राग मी कधी केला नाही, सायकल बंद झाल्याचा वीस वर्षं केला.

आणि मग तुम्ही आलात. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं होतं, बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत, सायकल वेड्यासारखी चालवतात, विचारून बघ. तुम्ही आल्या आल्या कसं झालं, कधीपासून झालं, थोडंसुद्धा दिसत नाही का, यातलं एकही विचारलं नाहीत. विचारलंत, "वजन किती तुमचं?" मी सांगितलं. "पायाची उंची?" तीही सांगितली. सीट वरखाली केलीत, चेन हाताने फिरवून पाहिलीत. मग दोन-तीन मिनिटं नुसता पान्याचा आवाज. मला वाटलं, काहीतरी बिघडलेलं निघालं, हेही आता नको म्हणणार.

तुम्ही पुढच्या हँडलवरची बेल काढत होतात. ती मागच्या हँडलला बसवलीत, माझा अंगठा धरून तिच्यावर ठेवलात आणि म्हणालात, "सत्तावीस वर्षं गाडी चालवली ताई, कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय कधी हलवली नाही. आता कंडक्टर तुम्ही. एक दिली की थांबणार, दोन दिल्या की निघणार."

दादा, हे तुम्ही सहज केलंत. दोन मिनिटांचं काम, तुम्ही विसरूनही गेला असाल. पण जो टँडेमवर मागे बसलेला नाही त्याला हे कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या सायकलचा ब्रेक पुढे, गिअर पुढे, वळणं पुढे. मागचं हँडल म्हणजे नुसता पाइप. मुठी आवळून धरायचा, बस. पाय मात्र दोघांचे एकाच वेळी फिरतात, कारण पुढचं आणि मागचं पॅडल एका चेनने जोडलेलं असतं. पुढच्याने पाय थांबवला की माझाही थांबतो, सांगून थांबवला नाही तर गुडघ्याला हिसका बसतो. इंग्रजीत मागच्याला स्टोकर म्हणतात, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा. ताकद निम्मी त्याची. तरीही प्रत्येक जण मला हेच सांगायचा की मॅडम, तुम्हाला फक्त बसायचंय. त्या हँडलवर माझं म्हणणं मांडायला जागाच नव्हती. तुम्ही ती एका स्क्रूने बसवून दिलीत.

मी ती बेल आधी भीत भीतच वाजवायची. दोन्ही पाय नीट बसले की डबल, आणि तुम्ही खरंच तोवर हलायचा नाहीत. मागे गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजले, तरी नाही. मग लोअर परळचा तो दिवस. पहाटेचे पाच, रस्ता रिकामा, तुम्ही तालात. डाव्या गल्लीतून मला टायरची बारीक सरसर ऐकू आली, इंजिनाचा आवाज नाहीच. मी सिंगल बेल दिली. तुम्ही ब्रेक लावलात. काय झालं, का झालं, काही न विचारता आधी ब्रेक लावलात. पुढच्या क्षणी ती बॅटरीवरची स्कूटर उलट्या दिशेने, दिवा न लावता समोरून गेली. त्यानंतर तुम्ही विचारलंत, "कसं कळलं ओ?" आणि हसलात.

माझ्या सांगण्यावरून एका डोळस माणसाने रस्त्यात ब्रेक लावला. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. त्या दिवशी बँकेत काम करताना माझं लक्ष नव्हतं.

वाशीच्या पुलावर मी तुम्हाला केटी-जॉर्ज डनलेव्हीबद्दल सांगत होते, आठवतं? आयर्लंडकडून खेळते, तिलाही माझाच आजार, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आधी नौकानयन करायची, मग टँडेमकडे वळली. 2016 ला रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचं, सुवर्ण, टोकियोत दोन सुवर्णं आणि एक रौप्य, आणि 2024 ला पॅरिसला पुन्हा टाइम ट्रायलचं सुवर्ण, वयाच्या 42 व्या वर्षी. मी चौतिशीची, मला वाटायचं उशीर झाला, म्हणून ही माहिती मी जपून ठेवलेली. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी बिचारीला अजिबात दिसत नाही का, असंच विचारलं. तुम्ही एकट्यानेच विचारलंत, "पुढे कोण होतं तिच्या?"

मी सांगितलं, रिओ आणि टोकियोत ईव्ह मॅक्रिस्टल. आयर्लंडच्या पोलीस दलातली. पॅरिसच्या त्या सुवर्णाच्या वेळी लिंडा केली. आणि मेडल दोघींच्याही गळ्यात पडतं, पायलटच्याही. त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे ड्युटीवालीच की." पुढे बराच वेळ काही बोलला नाहीत. पॅडलचा जोर मात्र वाढला होता, तो मला पायात कळला. पायात सगळं कळतं दादा. तुमची रात्रपाळी झालीय हे तुम्ही सांगायच्या आधी मला कळतं.

आपल्याकडे हा खेळ अजून नवा आहे. भारताचे पॅरासायकलपटू पॅरालिम्पिकला पहिल्यांदा गेले ते थेट 2024 ला, पॅरिसला. अर्शद शेख आणि आपल्या भंडाऱ्याची ज्योती गडेरिया. दोघंही एकेकट्याने सायकल चालवणारे. टँडेमवाल्यांचा रस्ता त्याहून अवघड, कारण एक जिद्दी खेळाडू सापडून भागत नाही. त्याच्यासाठी साप्ताहिक सुट्टी बदलून घेणारा, पहाटे तीनला उठणारा, आणि पेपरात आपलं नाव दुसरं येणार हे माहीत असलेला दुसरा माणूसही सापडावा लागतो.

आता रविवारचं. परळहून निघालो तेव्हा अंधार होता म्हणे, मला थंडी तेवढी कळत होती. चेंबूरचा रसायनांचा वास, मग खाडीचा, मग पनवेलनंतर ओल्या मातीचा. खोपोलीपर्यंत मी खुशीत होते. तिथून खंडाळ्यापर्यंत सुमारे 500 मीटरची चढण. टँडेम सपाटीला आणि उताराला पळते, कारण वजन दोघांचं आणि समोरचा वारा जवळजवळ एकाचाच. चढावर मात्र तेच वजन अंगावर येतं, आणि दोघांचा पाय एका लयीत पडला नाही तर ती जागची हलत नाही. तुम्ही बोलायचं थांबलात. मला फक्त तुमचा श्वास ऐकू येत होता. मागे एक एसटी होती. तिच्या ड्रायव्हरने एकदाही हॉर्न दिला नाही, वळण संपेपर्यंत हळूहळू मागून येत राहिला आणि मग शेजारून जाताना ओरडला, "चला ताई, आलाच घाट!" तो कोण, कुठल्या डेपोचा, काही माहीत नाही. त्यालाही हे पत्र लागू आहे. दादरच्या मावशीलाही. या शहरात मला लुबाडणारे जितके भेटले नाहीत तितके काही न विचारता हात पुढे करणारे भेटले, आणि ते कधी माइकवर बोलताना ऐकले नाहीत.

देवळापाशी तुम्ही माझ्या हातात नाणं ठेवलंत आणि शिंग्रोबाची गोष्ट सांगितलीत. बोरघाटातली वाट साहेबाच्या इंजिनिअरांना सापडेना, ती या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि गोळी खाल्ली, असं लोक सांगतात. "म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही," तुम्ही म्हणालात. मी नाणं टाकलं. ते दुसऱ्या नाण्यांवर पडल्याचा आवाज आला आणि तेव्हाच माझा घसा दाटला. वाट दाखवणाऱ्यासाठी तुम्ही थांबलात, आणि तुमच्यासाठी कोणी कधी थांबलं असेल का, हे माझ्या मनात आलं. तिथेच म्हणायचं होतं ते आता म्हणते. थँक्यू दादा. मनापासून.

आईने सांगितलंय की तुमच्यासाठी डिंकाचे लाडू केलेत, न्यायला विसरू नका. तुम्हाला माहीत नसेल, आपण निघतो तेव्हा ती गॅलरीत अंधारात उभी असते. डबल बेल ऐकली की मगच आत जाऊन झोपते. सायकल विकायचं आता काढत नाही.

रविवारी नेहमीच्या वेळेला, साडेचारला. घाटातल्या हादऱ्यांनी बेलचा स्क्रू सैल झालाय, वाजवताना हलते. येताना पाना घेऊन या.

तुमची,
मागच्या सीटवरची ताई