भिंतीवरचे हात

प्रिय मंद्या,

फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहायला बसलोय. अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनियाहून येऊन दहा दिवस झाले तरी इथे कोथरूडात रात्री गाडी गेली की मला वाराच वाटतो. काय वारा रे तो! गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, नाहीतर बिजागरीसकट जायचं. झाडं नाहीतच, नुसती पिवळट झुडपं, आणि डिसेंबर म्हणजे तिकडे उन्हाळा, रात्री साडेनऊलाही उजेड.

हिमनदीचे फोटो तू बघितलेसच. पेरितो मोरेनो, पाच किलोमीटर रुंद बर्फाची भिंत, पाण्याच्या वर साठेक मीटर. तुकडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागून येतो तो थेट पोटात जातो. भारीच आहे ते, पण माझं मन अडकलंय दुसरीकडे.

तिथून रूट 40 नं उत्तरेला निघालो, शेकडो किलोमीटर. वाटेत ग्वानाको, म्हणजे लामाचा रानटी पूर्वज, रंग भाजलेल्या भाकरीचा. कळप चरत असतो आणि एक जण टेकाडावर उभा राहून राखण करतो, आम्ही थांबलो की शिंगरासारखा खिंकाळायचा आणि सगळे पसार. पण मेंढ्यांसाठी घातलेली तारेची कुंपणं मैलोन् मैल आहेत, उडी चुकली की पाय अडकतो. एका कुंपणावर पिल्लाचं नुसतं वाळलेलं कातडं लटकत होतं, वाऱ्यानं हलत होतं. मला पुढचा तासभर बोलवेना.

आणि मग ती घळ, रिओ पिंतुरास नदीची. तिथे कुएवा दे लास मानोस आहे, हातांची गुहा. डोक्यावर हेल्मेट घालून गाइडबरोबरच जायचं. गुहा म्हणतात पण बरंचसं कड्याखालीच, उघड्यावर. आणि मंद्या, हात! शेकडो हात, एकावर एक, लाल, पांढरे, काळे, पिवळे. पंजा दगडावर ठेवून हाडाच्या नळीनं त्यावर रंग फुंकायचा, मग हात काढला की हाताएवढी जागा कोरी राहते. बहुतेक डावेच, कारण उजव्या हातात नळी. एक पंजा तर सहा बोटांचा आहे. सगळ्यात जुनं काम नऊ हजार वर्षांच्याही मागचं, आणि लाल रंग म्हणजे आपला गेरूच की रे. एक इवलासा पंजा होता, पोराचाच असणार, कुणीतरी त्याचं मनगट धरून ठेवलं असेल ना, हलू नको म्हणून.

त्या मुलखात पुढे तेवेल्चे लोक राहिले, ग्वानाकोची शिकार करून जगणारे. जमिनी मेंढ्यांच्या मळेवाल्यांकडे गेल्या आणि भाषा आक्रसत गेली. ती बोलणाऱ्या शेवटच्या बाई, दोरा मांचादो, 2019 मध्ये वारल्या. भिंतीवर हात आहेत, पण त्या मुलखाची ती बोली जन्मापासून बोलणारं आता कुणी नाही, हे मला सहनच होत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या सदाशिवातल्या वाड्यात देवघराशेजारच्या भिंतीवर काकूंच्या कुंकवाचे पंजे आहेत, लग्न होऊन आल्या त्या दिवशीचे. त्याच्याखाली तुझा आणि ताईचा गेरूचा चिमुकला पंजा, दिवाळीत रांगोळीचा गेरू पळवून उमटवलेला, दोघांनी मार खाल्ला होता. एप्रिलमध्ये वाडा पाडायचा म्हणालास तेव्हा मी नुसतं हं केलं होतं, त्याचं आता वाईट वाटतंय. ती भिंत तशीच जाऊ देऊ नकोस. गिलाव्याचा तो तुकडा अख्खा काढता येतो का, हे मी एका ओळखीच्या मूर्तिकाराला विचारलंय, तो म्हणाला आधी भिंत बघू दे.

त्याला घेऊन शनिवारी सकाळी येतो, कॅमेरा पण आणतो. काकूंना सांगून ठेव, त्यांना त्या ठशावर परत एकदा हात ठेवायला लावणार आहे, आणि खालच्यावर तू.

तुझा,
अव्या