पोस्ट कशाचा, हे बिलावर लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रूट कॅनाल केलेल्या दातात कॅपआधी ‘स्क्रू’ टाकला की दात पक्का होतो, अशी समजूत सोलापुरातल्या पुष्कळ रुग्णांची आहे. दंतवैद्य म्हणून सुरुवातीची काही वर्षे मीही त्याच समजुतीने आटे असलेले धातूचे पोस्ट, म्हणजे कॅपखालच्या भरावाला धरून ठेवणाऱ्या बारीक दांड्या, दाताच्या मुळात पिळून बसवीत होतो. त्यांतली एक दाढ तीन वर्षांनी माझ्याकडे परत आली. कडक भाकरी चावताना कट्कन आवाज झाला, असे बाई सांगत होत्या. कॅप शाबूत, स्क्रूही शाबूत, मूळ मात्र उभे चिरलेले. दाढ काढावीच लागली.

पोस्टने दात बळकट होत नाही. दाताचा वरचा भाग गेल्यावर कॅपखालच्या भरावाला पकड हवी, तेवढ्यापुरता पोस्ट. आणि तो बसविताना मूळ आणखी कोरले, तर दात उलट अशक्तच होतो. शिवाय पोस्ट कशाचा आहे, त्याची ताठरता किती, हेही पाहावे लागते. डेंटिनची (दात व मूळ ज्याचे बनलेले असते त्या कठीण भागाची) ताठरता साधारण १८ गिगापास्कल, काचतंतूच्या फायबर पोस्टची त्याच्या बरीच जवळ, तर स्टेनलेस स्टीलची २०० च्या आसपास. चावताना फायबर मुळाबरोबर किंचित लवतो; पोलाद लवत नाही, आणि ताण मुळाच्या भिंतीवर येतो. फायबर पोस्टही सुटतो, विशेषतः चिकटवताना लाळेचा ओलावा आत गेला तर. पण तेव्हा मूळ बहुधा वाचलेले असते आणि काम पुन्हा करता येते.

तरीही सरसकट फायबरचा आग्रह मला पटत नाही. मुळातली नळी रुंद किंवा लंबगोल असेल, तर तयार गोल पोस्ट सैल बसतो आणि फट सिमेंटने भरावी लागते. अशा ठिकाणी माप घेऊन लॅबमध्ये ओतून घेतलेला पोस्ट आजही उपयोगी पडतो. हिरडीच्या वर दाताची सुमारे दोन मिलिमीटर भक्कम कड सभोवार उरलेली नसेल, तर पोस्ट कशाचाही असो, भरवसा कमीच. दाढांच्या बाबतीत तर पुष्कळदा पोस्टची गरजच नसते, हे रुग्णाला सांगायला आम्ही विसरतो (की टाळतो?).

बिलावर ‘रूट कॅनाल व कॅप’ एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. त्यात पोस्टचा प्रकार लिहिला, तर पुढे कधी तो दात दुसऱ्या कुणाला उघडावा लागल्यास आत काय आहे ते आधीच कळेल. या महिन्यापासून मी तो लिहून देतो आहे. शहरातील सहकाऱ्यांनीही द्यावा, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक दंतवैद्य, सोलापूर